नडगीचे दुखणे अंगावर काढू नका

भातकापणी उरकली की कर्जत-खालापुरात गावोगावी खळ्यासारख्या टणक शेतांत क्रिकेटचे सामने सुरू होतात. पाठोपाठ माझ्या दवाखान्यात नडग्या चोळत येणारी पोरे! बहुतेकांना विश्रांतीने बरे वाटते. सगळ्यांना नाही.

सलील अंकोला आठवतो? सोलापुरात जन्मलेला हा वेगवान गोलंदाज नोव्हेंबर १९८९ मध्ये कराचीत, सचिनबरोबरच, पहिली कसोटी खेळला. तीच त्याची शेवटचीही ठरली. पुढे २० एकदिवसीय सामने, १९९६ च्या विश्वचषक संघात निवड. आणि २८ व्या वर्षी डाव्या नडगीच्या हाडातील गाठीमुळे खेळ संपला. पुढे तो अभिनेता झाला, ते वेगळे.

या गाठीला ऑस्टिऑइड ऑस्टिओमा म्हणतात. ती कर्करोगाची नव्हे, असते बोराच्या बीएवढी. पण रात्री ठणकते आणि अॅस्पिरिनसारख्या गोळीने थांबते. फसगत होते ती इथेच. एका गोलंदाज मुलाला मीही लचक समजून गोळ्या देऊन परत पाठवले होते. एक्स-रे काढला चार महिन्यांनी. तेवढे महिने तो रात्री जागाच होता, ही चूक माझी.

चषक आणि लाऊडस्पीकरवर हजारो उधळणाऱ्या मंडळांनी एकाच पोराला सलग चार दिवस गोलंदाजीला जुंपू नये, हे माझे स्पष्ट मत. आणि पालकांनो, झोपेतून उठवणारे दुखणे चोळून घेत बसू नका. एक्स-रेत काही दिसले नाही तरी ठणका राहिला, तर सीटी स्कॅनचा आग्रह धरा. अशी गाठ आता बऱ्याचदा सुईवाटे उष्णता देऊन जाळता येते.