पाडायचं की राहू द्यायचं?

राजगुरुनगरच्या आमच्या मोहल्ल्यात एका ट्रस्टची जुनी इमारत आहे. जाड मातीच्या भिंती, सागवानी खांब, रस्त्याच्या बाजूला तीन दुकानं आणि मागं अंगणाभोवती सहा खोल्या. त्यातल्या एका खोलीत खाला राहायच्या. नवरा गेलेला, मुलगा कामासाठी बाहेर पडला तो परत आला नाही. भाडं नावापुरतं, तेही कधी द्यायच्या, कधी राहून जायचं. पण शेजारची शिवणकाम करणारी बाई रोज सकाळी त्यांचं दार वाजवायची. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला बीपीच्या गोळ्या घरी आणून द्यायचा. जुम्म्याला कुठून ना कुठून डबा यायचा.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एक भिंत खचली. दुरुस्तीऐवजी ट्रस्टनं खोल्याच रिकाम्या करून घेतल्या. खाला चाकणला भाचीकडे गेल्या, चौथ्या मजल्यावर. भाची आणि तिचा नवरा दोघंही कंपनीत शिफ्टला. पाच महिन्यांत खाला वारल्या. एकटेपणानं वारल्या असं मी म्हणणार नाही, वय झालं होतं. पण शेवटच्या दिवसांत दिवसभर त्यांचं दार वाजवणारं कुणी नव्हतं, एवढं खरं.

आता त्या जागी शॉपिंग कॉम्प्लेक्स बांधायचं चाललंय. उत्पन्न वाढेल, त्यातून गरिबांना मदत करू, असं विश्वस्त म्हणतात. त्यांच्या हेतूवर मला शंका नाही. माझा प्रश्न साधा आहे: ज्या गरिबाला मदत करायची, त्याला राहायला जागाच नसेल तर मदत पोहोचवणार कुठं?

दहा-बारा किलोमीटरवर चाकणची एमआयडीसी आहे. मोठमोठे वाहन कारखाने आले, त्यांच्यामागून सुटे भाग बनवणारे आले, आणि कामगारांचे लोंढे आले. खोल्यांची भाडी चढली ती उतरलीच नाहीत. एका खोलीत पाच-सहा पोरं कॉट बेसिसवर राहतात. कंत्राटी कामगार कसातरी निभावतो. पण एकटी म्हातारी, टाकून दिलेली बाई, मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेला माणूस यांनी काय करायचं? त्यांच्याकडे डिपॉझिट नाही, जामीन राहणारं कुणी नाही. त्यांना नुसतं छप्पर पुरत नाही. गोळी घेतली का, पेन्शनचा फॉर्म भरला का, जेवलीस का, हे विचारणारं माणूस लागतं. खालांना हे दोन्ही मिळत होतं. कुणी योजना आखली नव्हती, नाव दिलं नव्हतं, पण ते होतं.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९ सांगतं की, घरचे घेत नाहीत किंवा घरच नाही, एवढ्याच कारणावरून कुणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही. समाजात राहण्याचा त्याला हक्क आहे. चेन्नईच्या 'द बॅनियन' या संस्थेनं त्यासाठी वस्तीतलीच साधी घरं भाड्यानं घेतली. चार-पाच जणी एकत्र राहतात, स्वयंपाक करतात, बाजारात जातात, मदतीला एक कार्यकर्ती असते. बाहेर पाटी नाही, कुंपण नाही. इथंच जुन्या इमारतींचं मोल कळतं. त्या एकसारख्या नसतात. तळमजल्याची खोली गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला, वरची माडी कंपनीत जाणाऱ्या दोन मुलींना, अंगणाकडे दार असलेली खोली ज्याला एकटं राहण्याची भीती वाटते त्याला. शिवाय त्या भर वस्तीत असतात. दवाखाना, एसटी स्टँड, मशीद, बाजार सगळं चालत जाण्याच्या अंतरावर.

आपल्याकडे हे नवं नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात बांधलेली चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली, मुलांच्या वसतिगृहासाठी. इमारत तीच, गरज बदलली तसा उपयोग बदलला. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही टाटा हॉस्पिटलचे कॅन्सरचे रुग्ण नाममात्र पैशांत राहतात. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात याकोब फुगरनं १५२१ मध्ये गरिबांसाठी वस्ती स्थापन केली. तिथलं वर्षाचं भाडं अजून एक युरोच्या आतच आहे.

आणि आपण? सच्चर समितीनं २००६ मध्ये देशात ४.९ लाख नोंदणीकृत वक्फ मालमत्ता मोजल्या. बाजारभावानं किंमत १.२ लाख कोटी, वर्षाचं उत्पन्न जेमतेम १६३ कोटी. हे आकडे आपण भाषणात नेहमी ऐकतो. उत्पन्न वाढायला हवं, हे मलाही मान्य. २०२५ च्या वक्फ दुरुस्ती कायद्यावर आपण रस्त्यावर आलो, कोर्टात गेलो. मालकी वाचवणं गरजेचंच आहे. पण वाचवलेल्या जागेत कोण राहणार, हा प्रश्न आपण आपल्याच विश्वस्तांना, मुतवल्लींना कधी विचारला?

विश्वस्तांची एक भीती मात्र खरी आहे. एकदा आत आलेला भाडेकरू तीन पिढ्या निघत नाही. जुन्या भाडे कायद्याचा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी आहे. पण त्यावर इमारत रिकामी ठेवणं हा उपाय नव्हे. लिव्ह अँड लायसन्सचा नोंदणी केलेला करार करता येतो, दरवर्षी नवा. सार्वजनिक ट्रस्ट असेल तर तीन वर्षांहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यालाच धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. दुकानं पुढं आहेतच. त्यांचं भाडं आजच्या दरानं घ्या आणि त्यातून मागच्या खोल्यांची डागडुजी करा. भिंत खरंच धोकादायक आहे का, हे कंत्राटदाराला नको, स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. तो पाडा म्हणाला तर पाडा, पण नव्या नकाशात दुकानांइतक्याच खोल्याही दाखवा. आणि एका बाईला पगार द्या, रोज सकाळी दारं वाजवायला.

शेवटचा मुद्दा काहींना पटणार नाही. या खोल्या फक्त आपल्या माणसांसाठी नकोत. ट्रस्टच्या दस्तात तशी अट असेल तर गोष्ट वेगळी. मी स्वतः पुण्यात खोली शोधत होतो तेव्हा फोनवर सगळं ठरायचं. नाव सांगितलं की "घरमालकाला विचारून सांगतो", आणि पुन्हा फोन नाही. हा अनुभव आपल्यातल्या बहुतेकांना आहे. जो अपमान आपण गिळला, तोच आपल्या दारात आलेल्या एखाद्या एकट्या बाईला द्यायचा का? खालांचं दार रोज वाजवणारी ती शिवणकामवाली मराठा होती. ती कधी म्हणाली नाही, हे माझं काम नाही.

पुढच्या महिन्यात ट्रस्टची बैठक आहे. मी सहाही खोल्या मागणार नाही. आधी दोन दुरुस्त करा, वर्षभर चालवून बघा, हिशेब मोहल्ल्यासमोर मांडा. नाही जमलं तर कॉम्प्लेक्सचा नकाशा कपाटात आहेच. सदका-ए-जारिया म्हणून कुणीतरी ही जागा दिली होती. ती पाडण्याआधी एक वर्ष तरी तिला राहू द्या.