मिशीवाल्या गृहस्थाचा गुन्हा

विजयी वीराला हार घालावा ही जगाची रीत. रिअल माद्रिद या धनाढ्य फुटबॉल क्लबाने मात्र २००३ साली निराळीच रीत पाडली. २२ जूनला संघाने स्पेनच्या लीगचे विजेतेपद पटकावले आणि दुसऱ्याच दिवशी प्रशिक्षक व्हिसेन्ते देल बोस्के यांच्या हाती नारळ ठेवला!

कोण हे देल बोस्के? १९५० साली सालामान्का येथे जन्मलेला, रेल्वेतल्या एका कारकुनाचा मुलगा. याच क्लबाकडून मधल्या फळीत खेळून त्यांनी पाच लीग विजेतेपदे पाहिली. बूट काढून ठेवल्यावर बरीच वर्षे क्लबाच्या मुलांना घडविले. नोव्हेंबर १९९९ मध्ये मुख्य संघ त्यांच्या हाती आला. त्यानंतरच्या चार हंगामांत युरोपचा करंडक दोनदा (२००० आणि २००२) आणि लीग दोनदा (२००१ आणि २००३)!

मग गुन्हा कोणता? माझे उत्तर स्पष्ट आहे. हा गृहस्थ दिसायला हेडक्लार्क होता. जाड मिशी, स्थूल देह, संथ बोलणे. इकडे २००० साली अध्यक्ष झालेले फ्लोरेंतिनो पेरेझ दर उन्हाळ्यात एकेक तारा विकत घेत होते. आधी फिगो, मग झिदान, मग रोनाल्डो आणि २००३ मध्ये बेकहॅम. या झगमगाटात देल बोस्के म्हणजे लग्नाच्या मांडवात कोठीच्या खोलीतून घाम पुसत आलेले मामा! पंगती त्यांच्यामुळे उठतात, पण फोटोत त्यांना कोणी बोलावीत नाही.

‘असे हिरे हाती असताना कोणीही हार गुंफला असता,’ असे म्हणणारे शहाणे तेव्हाही होते, आजही आहेत. वाचकहो, या शहाण्यांना उत्तर मी कशाला देऊ? खुद्द क्लबानेच प्रयोग करून ते दिले आहे. हिरे तेच होते, वर बेकहॅमची भर. पुढच्या तीन हंगामांत पाच प्रशिक्षक बसवून पाहिले. २००४, २००५, २००६: ना लीग, ना युरोपचा करंडक!

त्याच उन्हाळ्यात आणखी एक शहाणपण झाले. पगार वाढवून मागणारा क्लोद मॅकलेले चेल्सीला विकला गेला. प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घ्यायचा आणि मुकाट्याने आपल्या गड्याकडे सरकवायचा, एवढेच त्याचे काम. त्याच्या नावावर गोल नाहीत, मग त्याच्या नावाचे सदरे कोण घेणार? ज्यांना असा खेळाडू दिसत नाही, त्यांना असा प्रशिक्षक कसा दिसावा?

देल बोस्केंना मात्र असे खेळाडू दिसत. २००८ साली ते स्पेनच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. २०१०च्या विश्वचषकात पहिलाच सामना स्वित्झर्लंडकडून ०–१ असा हरला आणि गिल्ला सुरू झाला. बुस्केत्स आणि आलोन्सो असे दोन राखणदार मध्यावर कशाला? एक काढा! त्यांनी दोघांनाही ठेवले. पुढे पोर्तुगाल, पराग्वे, जर्मनी आणि ११ जुलैच्या अंतिम सामन्यात नेदरलँड्स. चारही वेळा १–० आणि स्पेन प्रथमच विश्वविजेता! २०१२ मध्ये इटलीला ४–० हरवून युरोपचे अजिंक्यपदही आले. तेही कोणत्या संघाला घेऊन? एकमेकांचे हाडवैरी असलेल्या बार्सेलोना आणि माद्रिद या क्लबांचे खेळाडू एका पंगतीला बसवून! क्लबांचा युरोपीय करंडक, विश्वचषक आणि राष्ट्रांचा युरोपीय करंडक हे तिन्ही जिंकणारा हा पहिलाच प्रशिक्षक.

आता कोणी २०१४ची आठवण देईल. नेदरलँड्सकडून १–५, चिलीकडून ०–२ आणि विश्वविजेते पहिल्याच फेरीत घरी. खरे आहे. जुन्या विश्वासू गड्यांवर त्यांनी गरजेपेक्षा अधिक काळ भिस्त ठेवली. पण एखाद्या वर्षी अनारसा तुपात हसला, म्हणून करणारीच्या हाताला आपण नावे ठेवतो काय?

‘पेरेझांच्या राज्यात पुढे करंडक आलेच ना?’ असेही विचारतात. आले, पण २००२ नंतरचा युरोपीय करंडक उजाडायला २०१४ साल लागले. आणि तो आणला कोणी? भुवई उंचावण्यापलीकडे आरडाओरड न करणाऱ्या कार्लो आन्चेलोत्तींनी! बक्षीस काय? दुसऱ्याच वर्षी नारळ! २०२१ साली त्याच आन्चेलोत्तींना सन्मानाने परत बोलावले आणि २०२२ व २०२४ मध्ये त्यांनी आणखी दोन करंडक आणून दिले.

माझे भांडण एकट्या पेरेझांशी नाही. चमकते तेवढेच कर्तृत्व, असे मानणाऱ्या प्रत्येक नजरेशी आहे. स्पेनच्या राजाने २०११ साली देल बोस्केंना मार्की ही सरदारी पदवी दिली. पण ज्या क्लबाला त्यांनी आयुष्याची उमेद दिली, त्याने प्रशिक्षकाच्या बाकावर त्यांना पुन्हा कधीच बसविले नाही. यात तोटा कोणाचा झाला, ते करंडकांच्या कपाटातील बारा वर्षांची रिकामी जागा सांगेल.