आरोग्यचिंतन : गाठीचा स्वभाव ओळखताना

पोटाच्या अन्य तक्रारीसाठी सोनोग्राफी करावी आणि मूत्रपिंडावर गाठ आढळावी, असे आता अनेकदा घडते. कुटुंबापुढे तत्क्षणी प्रश्न उभा राहतो : गाठ संथ की आक्रमक? ४ सेंटिमीटरपर्यंतच्या काही गाठी कर्करोगाच्या नसतातच, काही वर्षानुवर्षे फारशा वाढत नाहीत. काही मात्र फुप्फुसांपर्यंत व हाडांपर्यंत पोहोचतात. एकीकडे अनावश्यक शस्त्रक्रियेची, तर दुसरीकडे घातक विलंबाची भीती असते.

आज वैद्य गाठीचा आकार, तिचा प्रसार आणि सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारे पेशीकेंद्रकाचे रूप पाहून ४ श्रेणींत तिची प्रतवारी करतात. तरीही एकाच श्रेणीतील दोन रुग्णांची वाटचाल भिन्न होऊ शकते. हे अंतर भरून काढण्यासाठी संशोधकांचे लक्ष प्रथिने न घडवणाऱ्या आरएनएकडे वळले आहे.

मानवी डीएनएचा २ टक्क्यांहून कमी भाग प्रथिनांची कृती सांगतो. उरलेल्या भागातूनही आरएनए तयार होतात. पेढीवरचा मुनीम स्वतः माल विकत नाही, पण हिशेबाला वळण लावतो. तसे हे रेणू कोणत्या जनुकाने किती काम करावे, हे ठरवतात. त्यांपैकी सूक्ष्म-आरएनएचा शोध १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यासाठी व्हिक्टर अँब्रोस व गॅरी रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मूत्रपिंडाच्या सर्वांत सामान्य कर्करोगात व्हीएचएल हे जनुक बहुधा निकामी झालेले असते. त्यामुळे पेशी प्राणवायू कमी पडल्यासारखी वागते आणि ‘मिर-२१०’ हा सूक्ष्म-आरएनए वाढतो. ‘मिर-२१’चे प्रमाण अधिक असलेल्या रुग्णांचे आयुर्मान कमी असल्याचेही अभ्यासांत दिसले आहे.

मात्र मूत्रपिंडाच्या बाबतीत अशी चाचणी अद्याप नित्याच्या उपचारांचा आधार झालेली नाही. प्रॉस्टेटच्या कर्करोगासाठी लघवीतील ‘पीसीए-३’ या आरएनएच्या चाचणीला अमेरिकेत २०१२ मध्ये मान्यता मिळाली. त्यामुळे ही वाट अशक्य नाही, एवढे निश्चित. तोवर केवळ अशा चाचणीच्या अहवालावर शस्त्रक्रियेचा निर्णय सोडू नये.

धूम्रपान, स्थूलता व उच्च रक्तदाब यांना आवर घालणे आपल्या हाती आहे. लघवीतून रक्त गेल्यास, वेदना नसली तरी, तपासणी लांबणीवर टाकू नये.