दोष कानांचा की तारेचा?

घरातील संगणकाचा आवाज मध्येच खाली जातो, मध्येच पूर्ववत होतो आणि कारण काही केल्या सापडत नाही, ही तक्रार आज अनेक कुटुंबांत ऐकू येते. यंत्र पार बंद पडले तर मनुष्य ते सरळ दुरुस्तीस नेतो. परंतु जो दोष येतो आणि जातो, तो यंत्राइतकीच घरातील माणसांच्या स्वभावाची परीक्षा पाहतो. दुरुस्ती करणाऱ्यासमोर यंत्र शहाण्यासारखे वागते आणि घरी आणताच पहिले पाढे पंचावन्न! मग दोष कोणाच्या तरी माथी मारला जातो. बहुधा तो घरातील सर्वांत लहानावर अथवा सर्वांत वृद्धावर येऊन पडतो.

आमच्या परिचयाच्या एका घरी असेच घडले. घरातील आजी ऐंशीच्या पुढच्या. २०२० साली टाळेबंदीत चर्चचे दरवाजे बंद झाले, तेव्हा त्या घरी संगणकावर मिस्सा ऐकण्याचा प्रघात पडला. पुढे चर्च उघडले आणि सर्व जण पूर्ववत जाऊ लागले. मात्र गुडघ्यांनी अधू झालेल्या आजींना तेवढाच आधार उरला. इतरांच्या कामात व्यत्यय नको म्हणून मुलाने त्यांना हेडफोन आणून दिला. काही महिन्यांनी आजी म्हणू लागल्या, “गायन दुरून ऐकू येते, पण फादरांचे शब्द मधूनच नाहीसे होतात.” मुलाने हेडफोनची पिन उपटली, संगणकातून प्रवचन खणखणीत ऐकू आले. झाले! यंत्र ठीक आहे, आईचे कान गेले, असा निकाल लागला. आजींनी तो निमूटपणे मान्य केला. त्या दिवसापासून हेडफोन बाजूला ठेवून त्या मिस्साच्या वेळी जपमाळ ओढीत बसू लागल्या.

या निकालात चूक कोठे झाली? ज्या वस्तूची परीक्षा करावयाची तीच मुलाने आधी दूर केली. संशयिताला घराबाहेर पाठवून घरात चोर नाही असे म्हणण्यासारखेच हे झाले! अशा कामी पहिला नियम असा की, तक्रार करणारा जेथे बसतो तेथे स्वतः बसावे आणि तो जे कानाला लावतो तेच आपल्या कानाला लावावे. दुसरा नियम असा की, एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि काय बदलले ते कागदावर टिपून ठेवावे. चार गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज सुधारला, तर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. आणि आठ दिवसांनी दोष परतला म्हणजे पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागतो.

आता तारेकडे वळू. हेडफोनची नेहमीची पिन ३.५ मिलिमीटर जाडीची असते. साध्या पिनेवर दोन कडी असून त्यांनी तिचे तीन भाग पडतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, मधला उजव्या कानाचा आणि बुडाचा भाग दोहोंचा वीजप्रवाह परत नेणारा सामाईक मार्ग होय. हा सामाईक मार्ग सैल झाला, की प्रवाह एका कानाच्या तारेतून निघून दुसऱ्या कानाच्या तारेने परततो. परिणामी दोन्ही बाजूंना जो ध्वनी सारखाच असतो तो नाहीसा होतो आणि दोन बाजूंमधील फरक तेवढा ऐकू येतो. बोलणाऱ्याचा आवाज बहुधा दोन्ही बाजूंना सारखा भरलेला असतो. गायनवृंद व वाद्ये डावी-उजवीकडे पसरलेली असतात. म्हणूनच गायन ऐकू यावे आणि प्रवचन हरवावे, ही आजींची तक्रार भ्रम नव्हती. तारेच्या दोषाचे ते अचूक वर्णन होते!

यावर उपाय सोपा आहे. संगणक बंद करून पिन काढावी, कोरड्या स्वच्छ फडक्याने पुसावी आणि पुन्हा शेवटपर्यंत नीट बसवावी. नंतर आवाज चालू असता तार पिनेजवळ हलकेच वाकवून पाहावी. तेवढ्याने आवाज येत-जात असेल तर तार आतून तुटली आहे. दुसरा हेडफोन लावल्यावरही तसेच झाले तर संगणकाचे छिद्र सैल झाले आहे असे समजावे. टेबलावरील स्पीकरची खुंटी फिरविताना खरखर होत असेल, तर तिच्या आतील पट्टीवर धूळ साचली आहे अथवा ती झिजली आहे. विजेवर चालणारा स्पीकर मात्र घरी उघडू नये. ते काम जाणकाराचे आहे.

तार निर्दोष ठरली तर दोष संगणकाच्या आत शोधावा. विंडोज प्रणालीत प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज निरनिराळा कमी-अधिक करता येतो. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यातील स्पीकरच्या चिन्हावर माऊसची उजवी कळ दाबून ‘व्हॉल्यूम मिक्सर’ उघडला म्हणजे कोणाचा आवाज खाली गेला आहे ते दिसते.

आणखी एक कारण पुष्कळांना ठाऊक नसते. समजा, संगणकावर जपमाळेची प्रार्थना चालू आहे आणि इतक्यात आखातातील मुलाचा फोन त्याच संगणकावर येतो. विंडोज प्रणाली हे संभाषण ओळखते आणि इतर सर्व आवाज आपण होऊन ८० टक्क्यांनी खाली आणते. संभाषण नीट ऐकू यावे हा तिचा हेतू. परंतु ज्याला हे माहीत नाही त्याला यंत्रात भूत शिरल्यासारखे वाटते! कंट्रोल पॅनेलमध्ये ‘साउंड’ उघडून ‘कम्युनिकेशन्स’ या पानावर जावे आणि ‘डू नथिंग’ हा पर्याय निवडावा. म्हणजे ही लुडबुड थांबते.

बिनतारी हेडफोनचीही एक खोड आहे. त्यातील मायक्रोफोन सुरू होताच तो पुष्कळदा संभाषणाच्या निराळ्या पद्धतीवर जातो आणि आवाज एकाएकी पातळ होतो. संभाषणाचा कार्यक्रम पूर्णपणे बंद केला की बहुधा तो पूर्वपदावर येतो. तसेच, प्रणाली अद्ययावत झाल्याच्या दिवसापासूनच दोष सुरू झाला असेल, तर ‘डिव्हाइस मॅनेजर’मधून ध्वनीचा जुना ड्रायव्हर परत आणून पाहावा. तारखा टिपून ठेवण्याचा उपयोग येथे होतो.

आता त्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. एका रविवारी नातवाने सहज तो हेडफोन स्वतःच्या कानांना लावला आणि ओरडला, “आजी, फादर बोलतच नाहीत गं! नुसते गाणेच ऐकू येते!” त्याने पिन फिरविली, शब्द आले, सोडली, शब्द गेले. मुलगा क्षणभर स्तब्ध राहिला. मग आईजवळ बसून म्हणाला, “आई, चूक माझी झाली.” दुसरा हेडफोन आला आणि आजींनी पुढील रविवारी सबंध प्रवचन ऐकले.

वयाने कान मंदावतात हेही खरेच. यंत्र तपासून निर्दोष ठरले आणि तरीही ऐकू येत नसेल, तर वृद्धांना अवश्य डॉक्टरांकडे न्यावे. आमचे म्हणणे इतकेच की, आधी तार पाहावी, मग माणूस. शमुवेलाची कथा आपणांस ठाऊक आहे. बालक रात्री तीनदा उठून आला, तरी वृद्ध एलीने त्याला भ्रम झाला असे म्हटले नाही; हाक खरोखरच आली असली पाहिजे, हे त्याने ओळखले. येथे एका बालकाने वृद्धेच्या जागी बसून तेच केले. आपल्या घरात कोणी “मला ऐकू येत नाही” असे म्हणाले, तर निकाल देण्यापूर्वी आपणही क्षणभर त्यांच्या जागी बसून पाहू या.