हात लावू नकोस!

‘निसर्ग हा माणसाचा आद्य गुरू होय’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने शालेय निबंधात एकदा तरी लिहिले असेल. पण हा गुरू राहतो कोठे, असे विचारले तर आपण माथेरान, महाबळेश्वर, फार तर माळशेज घाट अशी नावे घेऊ. निसर्ग म्हणजे सुटी काढून, डबे बांधून पाहावयास जाण्याची वस्तू, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. लहान मुलांची समजूत मात्र अशी नसते. ती आपण करून देतो, असे माझे मत आहे.

आमच्या घरी दादाची दोन मुले आहेत. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीन वर्षांची. शहाडला आगगाडीची खडखड आणि मुरबाड रस्त्यावरील वाहनांचा गोंगाट कधी थांबत नाही. तरी या दोघांना निसर्ग रोज भेटतो. पावसाआधी अंडी तोंडात धरून भिंतीवरून निघालेली मुंग्यांची रांग त्यांना दिसते. तारेवर बसलेला खंड्या दिसतो. आजीने मूठभर धने चुरडून कुंडीत टाकले, तर कोथिंबीर उगवली का हे पाहायला दोघे दिवसातून दहादा धावतात. मोठ्यांची नजर मात्र घड्याळावर आणि स्टेशनच्या इंडिकेटरवर! मुलाने एखादे पान उचलले की घरोघर एकच आरोळी उठते, ‘हात लावू नकोस!’

वास्तविक याच्या नेमका उलट धडा आपल्याच जिल्ह्यात घालून दिला गेला. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, त्या वेळी तो ठाणे जिल्ह्यात होता. महागडी विदेशी साधने खेड्यात कोठून आणायची? म्हणून शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच त्यांनी शिक्षणाची साधने केली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा त्याच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली, ती कुरणशाळा. हात लावूनच मूल शिकते, हा त्या साऱ्या खटाटोपाचा पाया होता.

कोणी म्हणेल, कोसबाडची टेकडी वेगळी आणि शहाड वेगळे. आक्षेप खोटा नाही. गेल्या उन्हाळ्यात आम्ही टिटवाळ्याच्या गणपतीला निघालो होतो. शहाड-आंबिवलीच्या दरम्यान गाडी उल्हास नदीच्या पुलावर आली आणि धाकटीने टाळ्या पिटल्या, “आत्या, केवढं मोठं मैदान!” मैदान कसले? ती जलपर्णी होती. नदीत मिसळणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते, पाण्यावर गालिचा पसरते आणि खालच्या माशांचा प्राणवायू तोडते. थोरल्याने विचारले, “मग नदी कुठे आहे?” समोरच्या बाकावरील गृहस्थ म्हणाले, “घाण आहे बाळा, तिकडे बघू नये.”

हात लावू नये, येथपासून आपण बघू नये, येथवर आलो! राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, बदलापूरवरून येणारी ही नदी आपणां सर्वांना पाणी पाजते. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले, ते हिच्याच नावावरून. सिंधूचा काठ सोडून आलेले आमचे सिंधी शेजारी झुलेलालच्या रूपाने पाण्यालाच भजतात. मुलांना मात्र आपण ही नदी दोनच रूपांत दाखवतो: २६ जुलै २००५ च्या पुराची भीती म्हणून, नाही तर नाक दाबून ओलांडायचे गटार म्हणून. ज्याला लहानपणी नदीची नुसती किळस शिकवली, तो मोठेपणी तिच्यासाठी कशाला भांडेल?

मुलांना दूषित पाण्यात उतरवा, असे मी म्हणत नाही. पण ‘छी, घाण!’ म्हणणे आणि ‘ही आपली नदी, आपल्या वस्त्यांचे सांडपाणी तिच्यात जाते म्हणून ती अशी झाली’ असे सांगणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. दुसरे उत्तर ऐकलेले मूल पुढचा प्रश्न विचारते. थोरल्याने तो विचारलाच, “मग ती साफ कोण करणार?”

सकाळी अंधारात निघून रात्री परतणाऱ्या आईबापांना वेळ नाही, हे खरे. म्हणून हे काम आपण विद्यार्थ्यांनी उचलावे. राष्ट्रीय सेवा योजनेत आपण खड्डे खणून रोपे लावतो, ठीकच आहे. पण एखाद्या रविवारी अंगणवाडीतील दहा मुलांना नदीकाठच्या सुरक्षित जागी न्यावे, त्यांचे प्रश्न वहीत टिपून आणावेत आणि आपल्या भूगोलाच्या प्राध्यापकांपुढे ठेवावेत. काही प्रश्नांची उत्तरे वर्गात मिळतील, काही महानगरपालिकेला विचारावी लागतील. प्रश्न मुलांना आपोआप पडतात. ते योग्य दारापर्यंत पोहोचवणे, हे शिकलेल्यांचे काम आहे.