पाकिटातले गोड आणि गोचिडीचे दुखणे

जनावरांच्या अंगावरची गोचीड शेतकऱ्याला नवी नाही. पण गोचीड माणसाला चावल्यामुळे पुढे त्याला मांस, काही वेळा दूधही सोसेनासे होते, हे पुष्कळांना खरे वाटणार नाही. अमेरिकेत मात्र हे घडत आहे. तेथील 'लोन स्टार' जातीची गोचीड चावल्याने काहींच्या शरीरात अल्फा-गॅल नावाच्या साखरेचे वावडे उत्पन्न होते. ही साखर गाय, डुक्कर, शेळी, मेंढी यांच्या मांसात व चरबीत असते, थोडीफार दुधातही असते. कोंबडी, मासळी व अंडी यांत ती नसते. २०१० ते २०२२ या काळात १ लाख १० हजारांहून अधिक संशयित रोगी आढळल्याचे तेथील सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०२३ साली जाहीर केले.

या दुखण्याचा त्रास खाल्ल्याबरोबर होत नाही, दोन ते सहा तासांनी होतो. रात्री खाल्लेल्या पुडिंगमुळे मध्यरात्री अंगावर गांधी उठतात, पोटात कळा येतात, श्वास कोंडतो, प्रसंगी जिवावर बेतते. आणि दोष पुडिंगचा हे ध्यानातही येत नाही.

मांस ओळखून टाळता येते. गोड पदार्थातले जनावर दिसत नाही. मार्शमेलो, जेली, मूस यांत बहुधा जिलेटिन असते, ते जनावरांच्या कातड्याहाडांपासून काढतात. पायच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी, असू शकते. जुन्या पद्धतीच्या नाताळ पुडिंगात सूएट, म्हणजे गुरांची चरबी, घालतात. मोनो व डायग्लिसराइड्स तेलापासून होतात, तशीच चरबीपासूनही.

अमेरिकन कायद्याप्रमाणे नऊ वावड्याचे पदार्थ पाकिटावर स्पष्ट छापावे लागतात. त्यांत दूध आहे, अल्फा-गॅल नाही. जिलेटिन कोणत्या जनावराचे, हे सांगण्याची सक्ती नाही. आमचे स्पष्ट मत असे की, जनावराचे नाव छापणे सक्तीचे व्हावे. विकत घेणाऱ्याने कारखान्याला पत्रे लिहून जीव सांभाळावा, हा न्याय नव्हे.

आपल्याकडचा हिरवा ठिपकाही या कामी पुरा पडत नाही. दूध, तूप, खवा घातलेल्या मिठाईवरही तो असतो. उलट, केवळ अंड्यामुळे तपकिरी त्रिकोण लागलेला पदार्थ या रोग्याला चालू शकतो. खूण पाहून निर्णय करू नये, घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी. त्याच कंपनीचे पाकीट असले तरी दर वेळी वाचावी, कारण घटक बदलतात.

अमेरिकेहून सुटीवर आलेल्या आप्ताने हे वावडे सांगितले, तर तो नखरा समजून आग्रह करू नका. यादी कळत नसेल तर पाकीट बाजूला ठेवा आणि पपई, केळे, चिकू पुढे करा. दूध सोडावे की नाही, हे ज्याचे त्याने डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. श्वास लागला तर घरगुती उपायांत वेळ न दवडता तडक दवाखाना गाठावा.