गुणसूत्रांची तपासणी कोणाच्या मुलांसाठी?

कर्करोगाचे निदान झाले की रोग कळला, आता उरला तो केवळ उपचारांचा प्रश्न, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. लहान मुलांच्या मज्जासंस्थेत उद्भवणाऱ्या न्यूरोब्लास्टोमा या गाठीने हा समज खोटा ठरविला आहे. एकाच नावाची ही गाठ दोन बालकांत दोन निराळ्या रोगांसारखी वागते. एखाद्या तान्ह्या मुलाची गाठ औषधावाचून आपोआप विरून जाते. दुसऱ्याला उग्र औषधे, शस्त्रक्रिया आणि किरणोपचार देऊनही वाचविता येत नाही. हा भेद बऱ्याच अंशी गाठीतील पेशींच्या गुणसूत्रांत दडलेला असतो. तो शोधण्याची सोय कोणाच्या वाट्याला येते आणि कोणाच्या नाही, हा प्रश्न मात्र प्रयोगशाळेचा नसून समाजव्यवस्थेचा आहे.

बालवयात मेंदूबाहेर होणाऱ्या घन गाठींमध्ये न्यूरोब्लास्टोमा सर्वाधिक आढळतो. मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथीत किंवा पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंत तो सुरू होतो आणि बहुतेक रुग्ण ५ वर्षांखालील असतात. १९७० च्या दशकात जून बीडलर यांना या गाठीच्या पेशींत गुणसूत्रांचे चमत्कारिक बदल दिसले. त्यांचा अर्थ १९८३ साली उलगडला. दुसऱ्या गुणसूत्रावरील एमवायसीएन या जनुकाच्या, निरोगी पेशीत दोनच असणाऱ्या प्रती, काही गाठींत दहापट, शंभरपट वाढलेल्या असतात. अशी वाढ सुमारे २० टक्के रुग्णांत आढळते. गॅरेट ब्रोडर, रॉबर्ट सीगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४-८५ मध्ये दाखवून दिले की, जेथे ही वाढ असते तेथे रोग वेगाने पसरतो. पहिल्या किंवा अकराव्या गुणसूत्राचा तुकडा गळणे, सतराव्याचा तुकडा वाढणे, हीदेखील धोक्याचीच चिन्हे ठरली. उलट, तुकडे न होता अख्खी गुणसूत्रेच जादा असली, तर रोग बहुधा सौम्य असतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात वय आणि रोगाचा प्रसार यांच्या जोडीला यांपैकी काही खुणांनाही स्थान मिळाले.

केवळ रोग लवकर हुडकला म्हणजे काम भागले, असे मानणाऱ्यांनी जपानचा अनुभव पाहावा. तेथे १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सहा महिन्यांच्या सर्व बालकांची लघवी तपासून ही गाठ शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. रुग्णांची संख्या वाढली. परंतु २००२ साली क्वेबेक आणि जर्मनी येथील अभ्यासांनी दाखविले की, अशा तपासणीने मृत्यू कमी होत नाहीत. सापडत होत्या त्या बहुतांशी आपोआप विरल्या असत्या अशा सौम्य गाठी. त्यांच्यापायी कित्येक अर्भकांना विनाकारण शस्त्रक्रिया व औषधे सोसावी लागली. २००३ साली जपानने हा कार्यक्रम थांबविण्याचा निर्णय घेतला. गाठ सापडणे आणि गाठीचा स्वभाव कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा त्यातला धडा होय.

आपल्यासारख्या देशाला गुणसूत्रांच्या तपासणीची चैन परवडेल काय, असा सवाल केला जातो. या सवालातच गफलत आहे. तपासणी झाली नाही, तर सौम्य रोगाच्या बालकाला नको इतके विषारी औषध दिले जाते आणि उग्र रोगाच्या बालकाला हवे तितके मिळत नाही. पहिल्या बालकाच्या बाबतीत पैसा आणि शरीर दोन्ही वाया जातात; दुसऱ्याच्या बाबतीत वेळ हातची जाते. ज्याच्यापाशी पैसा आहे तो महानगरात जाऊन तपासणी करवून घेतो. शेतमजुराच्या मुलाच्या वाट्याला मात्र अंदाजाने दिलेले उपचार येण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेनुसार श्रीमंत देशांत कर्करोग झालेली ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांहूनही कमी आहे. ही दरी निसर्गाने निर्माण केलेली नाही.

शिवाय ही अडचण तंत्राचीही म्हणता येत नाही. गुणसूत्रांवर चमकणाऱ्या खुणा पाडून पाहण्याची ‘फिश’ चाचणी पेशींची वाढ न करताही होते. गाठीचा तुकडा काचपट्टीवर टेकवून घेतलेला ठसा, किंवा मेणात जतन केलेला नमुनाही तिला पुरतो. म्हणजे मुलाला आईबापांसह शेकडो मैल फिरविण्याऐवजी नमुनाच प्रवास करू शकतो. परळचे टाटा स्मारक रुग्णालय सार्वजनिक पैशावर चालते. २०१२ साली राष्ट्रीय कॅन्सर ग्रिड उभे राहिले. या पायावर प्रत्येक विभागात एक सार्वजनिक प्रयोगशाळा, तिच्याकडे जिल्हा रुग्णालयांतून नमुने पोहोचविण्याची व्यवस्था आणि शासकीय आरोग्य योजनांत उपचारांबरोबर या चाचणीचाही स्पष्ट अंतर्भाव, एवढी मागणी अवाजवी खासच नाही. मात्र चाचणीमागोमाग उपचारांची हमी हवी. उग्र रोगाचे नाव सांगून आईबापांना रिकाम्या हाती परत पाठविणे ही क्रूर थट्टा होईल.

कार्यकर्त्यांनाही येथे काम आहे. पोटात लागणारी कठीण गाठ, मार न लागता डोळ्यांभोवती आलेले काळेनिळे डाग, हाडांच्या दुखण्यामुळे चालायचे सोडून दिलेले मूल, ही लक्षणे वस्तीवस्तीत माहीत झाली पाहिजेत. विज्ञानाने चार दशकांपूर्वी भेद ओळखला. त्या ज्ञानावर प्रत्येक मुलाचा सारखाच हक्क आहे, हे शासनाकडून मान्य करवून घेणे आता आपल्याकडे आहे.